न मिळालेला हात: ओल्ड ट्रॅफर्ड, 11 फेब्रुवारी 2012

इंग्लंडच्या प्रीमियर लीग या फुटबॉल स्पर्धेत सामन्याआधी एका संघाचे अकरा खेळाडू दुसऱ्या संघाच्या रांगेसमोरून चालत जातात आणि प्रत्येकाशी हात मिळवत पुढे सरकतात. अकरा गुणिले अकरा, म्हणजे एका सामन्यात 121 हस्तांदोलनं. हंगामात 380 सामने होतात, तेव्हा वर्षाला जवळजवळ 46 हजार. यातली बहुतेक कुणाच्याही लक्षात राहत नाहीत. नजर भलतीकडे असते, बोटांना बोटं लागतात न लागतात तोच पुढचा हात समोर येतो. ही प्रथा पोकळ झाली आहे, ती बंद करा, असं म्हणणाऱ्यांचा पहिला मुद्दा हाच असतो आणि तो खोडून काढणं सोपं नाही.

पण 2012 च्या फेब्रुवारीत एका शनिवारी मँचेस्टर युनायटेडच्या मैदानावर, ओल्ड ट्रॅफर्डवर, यातलं एक हस्तांदोलन, लुईस सुआरेझ आणि पॅट्रिस एव्हरा यांचं, झालं नाही, तर सामन्याचा निकाल बाजूला राहिला आणि वर्तमानपत्रांची पानं त्या एका हाताने भरली. क्लबला जाहीर निवेदन काढावं लागलं, मॅनेजरला माफी मागावी लागली, पुरस्कर्त्या बँकेने नाराजी कळवली. पोकळ गोष्ट चुकली तर एवढा गहजब होत नाही. सामन्याआधीचे खिलाडूवृत्तीचे विधी ठेवावेत का, या प्रश्नाकडे म्हणून मी याच प्रसंगातून पाहतो आहे. अन्याय झालेला खेळाडू, दोषी ठरलेला खेळाडू, आपापल्या माणसाच्या पाठीशी उभे राहिलेले क्लब, टीव्हीचे कॅमेरे, आणि दोनच आठवड्यांपूर्वी अशाच पेचात नेमका उलटा झालेला निर्णय, हे सगळं इथे एकत्र सापडतं.

वादाचं मूळ

15 ऑक्टोबर 2011 रोजी लिव्हरपूलच्या मैदानावर, अॅनफिल्डवर, लिव्हरपूल आणि मँचेस्टर युनायटेडचा सामना 1-1 असा बरोबरीत सुटला. सामन्यानंतर युनायटेडचा फ्रेंच बचावपटू पॅट्रिस एव्हरा याने तक्रार केली की लिव्हरपूलचा उरुग्वेयन आघाडीवीर लुईस सुआरेझ याने आपल्याला वर्णावरून वारंवार हिणवलं. इंग्लंडची फुटबॉल संघटना, म्हणजे एफए, हिने नोव्हेंबरमध्ये आरोप ठेवला. स्वतंत्र आयोगापुढे सुनावणी झाली. 20 डिसेंबरला निकाल आला: आठ सामन्यांची बंदी आणि 40 हजार पौंड दंड. वर्षाच्या शेवटच्या दिवशी 115 पानांचा निकालपत्राचा मजकूर जाहीर झाला. सुआरेझचं म्हणणं होतं की आक्षेपार्ह शब्द आपण एकदाच वापरला आणि आपल्या देशात तो अपमान म्हणून घेतला जात नाही. आयोगाने ते मानलं नाही. तो शब्द सात वेळा वापरला गेला आणि तो हिणवण्यासाठीच होता, असा निष्कर्ष काढला.

एक बारीक गोष्ट इथे नोंदवून ठेवतो. त्या ऑक्टोबरच्या सामन्याआधीही प्रथेप्रमाणे रांग लागली होती आणि हात मिळाले होते. तासाभराने काय झालं ते वर आलंच आहे. हस्तांदोलन केल्याने मैदानावरची वागणूक सुधारते, असा दावा कुणी करत असेल तर त्याने या दिवसापासून सुरुवात करावी.

निकालानंतर लिव्हरपूलने जे केलं त्याने जखम चिघळली. दुसऱ्याच दिवशी विगनविरुद्धच्या सामन्याआधी सराव करताना खेळाडूंनी सुआरेझचं चित्र असलेले टी-शर्ट घातले. क्लबने निर्णयावर जाहीर नाराजी व्यक्त केली आणि तरी अपील मात्र केलं नाही. अपील न करणं म्हणजे शिक्षा स्वीकारणं, पण टी-शर्ट घालणं म्हणजे दोष नाकारणं. दोन्ही एकाच वेळी चालू होतं. 28 जानेवारीला एफए कपच्या सामन्यासाठी युनायटेडचा संघ अॅनफिल्डवर आला तेव्हा सुआरेझ बंदीमुळे बाहेर होता आणि एव्हरा ज्या ज्या वेळी चेंडूला पाय लावेल त्या त्या वेळी प्रेक्षक त्याची हुर्यो उडवत होते. तक्रार ज्याची खरी ठरली त्यालाच शिक्षा भोगावी लागत होती, असं म्हणायला हरकत नाही.

फेब्रुवारीच्या 6 तारखेला सुआरेझ बंदी संपवून परतला. पुढचाच सामना ओल्ड ट्रॅफर्डवर, युनायटेडशी.

ते काही सेकंद

आठवडाभर सगळीकडे एकच प्रश्न होता: हात मिळवणार का? लिव्हरपूलचे मॅनेजर केनी डॅल्ग्लिश यांना सुआरेझने हो म्हणून सांगितलं होतं. क्लबलाही त्याने तोच शब्द दिला होता. लीगने नेहमीचा क्रम बदलला नाही.

युनायटेडचे खेळाडू रांगेत उभे, लिव्हरपूलचे समोरून चालत येणारे. सुआरेझ एव्हरापाशी आला. एव्हराचा हात पुढे होता. सुआरेझ तो टाळून शेजारच्या गोलरक्षकाकडे, डेव्हिड डे हेआकडे वळला. एव्हराने त्याचा दंड धरून त्याला थांबवायचा प्रयत्न केला, तो थांबला नाही. पुढे रिओ फर्डिनांड उभा होता. त्याने सुआरेझला हात द्यायचं नाकारलं. एवढंच. सगळं मिळून काही सेकंद.

सुआरेझने पुढे आपली बाजू मांडताना म्हटलं की एव्हराचाच हात खाली होता, आपण घेणार होतो. ते चित्रीकरण लोकांनी मागेपुढे करून इतक्या वेळा पाहिलं की पेनल्टीच्या निर्णयासारखी त्याची चिरफाड झाली. मला स्वतःला त्या चित्रफितीत टाळणंच दिसतं, आणि दुसऱ्याच दिवशी त्याच्या क्लबनेही तसंच मानलं. पण मुद्दा वेगळा आहे. दोन माणसांमधल्या जवळजवळ चार महिने चाललेल्या, 115 पानांत मावलेल्या वादाचा निवाडा हात किती इंच वर होता यावर येऊन ठेपला. प्रथेला हे ओझं कुणी दिलं, हा खरा प्रश्न.

सामना युनायटेडने 2-1 जिंकला. मध्यंतरानंतर लगेचच वेन रूनीने दोन गोल केले, शेवटी शेवटी लिव्हरपूलचा एक गोल झाला, तो सुआरेझचाच. मध्यंतरात टनेलमध्ये दोन्ही संघांत बाचाबाची झाल्याच्या बातम्या आल्या. शेवटची शिट्टी झाल्यावर एव्हराने सुआरेझच्या अगदी जवळ जाऊन जल्लोष केला. रेफरी फिल डाऊड यांना त्याला बाजूला करावं लागलं. युनायटेडचे मॅनेजर अॅलेक्स फर्ग्युसन यांनी सुआरेझवर तोफ डागली आणि अशा माणसाला लिव्हरपूलने पुन्हा खेळवू नये असं म्हटलं. एव्हराचा जल्लोषही चुकीचाच होता हेही त्यांनी सांगितलं. डॅल्ग्लिश मात्र टीव्हीवरच्या मुलाखतीत प्रश्न विचारणाऱ्यावरच उखडले.

रविवारी चित्र पालटलं. सुआरेझने माफी मागितली. क्लबचे व्यवस्थापकीय संचालक इयान आयर यांनी जाहीर केलं की त्याने हात मिळवण्याचा शब्द देऊन आपली दिशाभूल केली आणि तो चुकला. डॅल्ग्लिश यांनीही मुलाखतीतल्या वागण्याबद्दल माफी मागितली. डिसेंबरपासून ज्या क्लबने एक पाऊल मागे घेतलं नव्हतं, तो एका हस्तांदोलनावरून चोवीस तासांत मागे आला. वर्णद्वेषाच्या निकालाने जे झालं नाही ते शिष्टाचार मोडल्याने झालं. यात प्रथेची ताकद दिसते, असं कुणी म्हणेल. मला यात क्लबच्या प्राधान्यक्रमाची लाजिरवाणी बाजूही दिसते.

दोन आठवड्यांपूर्वीचा उलटा निर्णय

आता या प्रकरणातला सर्वांत शिकण्यासारखा भाग.

त्याच हंगामात, 23 ऑक्टोबर 2011 रोजी, क्वीन्स पार्क रेंजर्सविरुद्धच्या सामन्यात चेल्सीचा कर्णधार जॉन टेरी याच्यावर अँटन फर्डिनांडला वर्णावरून शिवी दिल्याचा आरोप झाला. अँटन हा रिओचा धाकटा भाऊ. इथे प्रकरण थेट न्यायालयात गेलं. 28 जानेवारी 2012 रोजी हे दोन संघ एफए कपमध्ये समोरासमोर आले, तेव्हा सामन्याआधीचं हस्तांदोलनच रद्द करण्यात आलं. खटला चालू आहे, उगाच कुणाला पेचात टाकू नका, असा विचार. एप्रिलमध्ये लीगच्या सामन्याच्या वेळी प्रीमियर लीगनेही तेच केलं. कुणीही हात मिळवला नाही, कुणी नाकारलाही नाही, सामना झाला. चेल्सीने 6-1 असा जिंकला, आणि चर्चा गोलांची झाली.

म्हणजे पेच ओळखायची रीत होती, सोडवायची रीतही होती. मग ओल्ड ट्रॅफर्डला ती का वापरली नाही? मला दिसणारं उत्तर असं: टेरीचं प्रकरण उघडं होतं, सुआरेझचं बंद झालेलं. आयोग बसला, निकाल लागला, बंदी भोगून झाली, आता सगळं पूर्ववत. कागदावर हे बरोबर आहे. पण शिक्षा संपणं आणि वैर संपणं या दोन वेगळ्या तारखा असतात. सुआरेझने दोष कबूल केला नव्हता, एव्हराकडे कुणी माफी मागितली नव्हती, आणि अॅनफिल्डवरची हुर्यो दोनच आठवडे जुनी होती. उलट खटला चालू असताना निदान दोन्ही बाजू वकिलांच्या सल्ल्याने तोंड बंद ठेवून असतात. निकालानंतरचे पहिले काही आठवडे सर्वांत पेटते असतात, आणि नेमक्या त्याच वेळी व्यवस्थेने "झालं गेलं संपलं" असं मानलं.

हाताचा अर्थ काय

फुटबॉलच्या नियमावलीत नाणेफेक आहे, हस्तांदोलन नाही. ते स्पर्धा भरवणाऱ्यांनी लावलेलं वळण आहे. हात न मिळवल्याबद्दल रेफरी कार्ड दाखवू शकत नाही. सुआरेझलाही त्या नकारासाठी सामनाबंदी झाली नाही. त्याच महिन्याच्या शेवटी तो लीग कपचा अंतिम सामना खेळला. तेव्हा ही गोष्ट सक्तीची आहे ती फक्त नजरेच्या धाकाने.

माझं म्हणणं थोडक्यात मांडायचं तर ते असं. सामन्याआधीचा हात हा पुढच्या नव्वद मिनिटांबद्दलचा शब्द आहे. मी नियमाने खेळेन, तूही खेळ, इतकाच. त्यात आदर असेलच असं नाही, प्रेम तर नाहीच. मनापासून नसला तरी तो चालतो, जसं नाणं बाजारात चालतं ते त्यावरचा छाप वाचून नव्हे. "सगळा देखावा आहे" हा आक्षेप म्हणून मला फारसा लागू वाटत नाही. शिष्टाचाराचा फायदाच हा की मन लागलेलं नसतानाही तो पाळता येतो. बिघडतं ते तेव्हा, जेव्हा या छोट्या शब्दावर मागच्या हिशेबाचं ओझं लादलं जातं. हात मिळवला म्हणजे माफ केलं, हात मिळवला म्हणजे चूक मान्य केली, हात मिळवला म्हणजे प्रकरण मिटलं. ओल्ड ट्रॅफर्डवर तो हात एकाच वेळी तीन कामांसाठी पुढे केला गेला होता. तो मोडला यात नवल नाही.

सुआरेझच्या बाजूने विचार करून पाहिला तर त्याचा नकारही या ओझ्यातूनच येतो. तो स्वतःला निर्दोष समजत होता. त्याच्या लेखी हात मिळवणं म्हणजे आरोप मान्य करणं. मी त्याचं समर्थन करत नाही. शब्द दिला होता, तो पाळायला हवा होता, आणि दोषी ठरलेल्या माणसाने पुढे आलेला हात टाळणं हा दुसरा अपमान होता. पण लीगने त्याला ज्या जागी उभं केलं तिथे साधा शिष्टाचार उरलाच नव्हता.

आणि एव्हराचं काय? त्याने हात पुढे केला म्हणून त्याची वाहवा झाली, ती योग्यच. पण समजा त्याला तो करावासा वाटला नसता तर? ज्याला हिणवलं गेलं त्यालाच मोठेपणा दाखवायला लावायचं, आणि नाही दाखवला तर खिलाडूवृत्ती नाही म्हणून बोट दाखवायचं, ही या विधीची सर्वांत वाईट बाजू आहे. याचं उत्तर सात महिन्यांनी दुसऱ्या मैदानावर मिळालं. टेरी जुलैमध्ये न्यायालयातून निर्दोष सुटला. 15 सप्टेंबर 2012 रोजी चेल्सीचा संघ रेंजर्सच्या मैदानावर, लॉफ्टस रोडवर आला तेव्हा हस्तांदोलन ठेवण्यात आलं होतं. अँटन फर्डिनांडने टेरीला हात दिला नाही, आणि त्याच्या बाजूने साक्ष दिलेल्या अॅश्ली कोललाही दिला नाही. रेंजर्सचा कर्णधार पार्क जी-सुंग यानेही टेरीचा हात टाळला. आरडाओरडा नाही, ढकलाढकली नाही. सामना 0-0 सुटला. त्यानंतर बारा दिवसांनी एफएच्या आयोगाने टेरीला आपल्या नियमांखाली दोषी धरलं, चार सामन्यांची बंदी आणि 2 लाख 20 हजार पौंड दंड.

दोन नकार, पण अर्थ एकमेकांच्या उलटे. सुआरेझचा नकार ज्याने त्रास दिला त्याचा, अँटनचा नकार ज्याला त्रास झाला असं तो मानत होता त्याचा. अँटनला भाषण करायचं नव्हतं, पत्रकार परिषद घ्यायची नव्हती. त्या रांगेने त्याला एक वाक्यही न बोलता आपली बाजू सांगायची जागा दिली. प्रथा नसती तर नकारही नसता. मला वाटतं, ही प्रथा ठेवण्याचं हे एक कारण आहे आणि ते तिच्या बाजूने बोलणारे फारसे सांगत नाहीत. हात मिळवण्याला किंमत हवी असेल तर न मिळवण्याची मुभाही खरी हवी. जिथे नकार द्यायची सोयच नसते तिथे काय होतं ते बर्लिनमध्ये 14 मे 1938 ला दिसलं: राजदूतांच्या आणि संघटनेच्या सांगण्यावरून इंग्लंडच्या खेळाडूंनी सामन्याआधी नाझी सलामी दिली. शिष्टाचार म्हणूनच दिली. इंग्लंड 6-3 जिंकलं, पण लोकांच्या लक्षात राहिलं ते छायाचित्र.

बंद करा, हलवा, कमी करा

प्रथा पूर्ण बंद करणं हा सरळ उपाय. तो करूनही पाहिला गेला आहे, वेगळ्या कारणाने. मार्च 2020 मध्ये कोरोनामुळे प्रीमियर लीगने हस्तांदोलन थांबवलं. फुटबॉल बुडालं नाही. पण जूनमध्ये सामने पुन्हा सुरू झाले तेव्हा खेळाडू सामन्याआधी गुडघ्यावर बसू लागले, वर्णद्वेषाविरुद्ध. रिकामी झालेली जागा रिकामी राहिली नाही, असं मी त्यावरून म्हणेन, जरी दोन्हींची कारणं अगदी निराळी होती. दोन वर्षांनी संघांच्या कर्णधारांनीच ठरवलं की प्रत्येक सामन्यात न बसता ठरावीक प्रसंगी बसायचं, कारण रोजच्या वापराने त्याची धार जाते आहे. हस्तांदोलनाला हा तर्क लागू होत नाही. गुडघ्यावर बसणं हे विधान आहे, ते वारंवार केल्याने विरतं. हात मिळवणं हे वळण आहे, ते वारंवार केल्यानेच टिकतं.

फक्त कर्णधारांनी आणि रेफरींनी हात मिळवावेत, बाकीच्यांना मोकळं सोडावं, ही सूचना समंजस वाटते. पण टेरी कर्णधारच होता. कर्णधारांपुरती प्रथा ठेवली असती तर तो आणि पार्क अख्ख्या मैदानासमोर एकटे उरले असते. प्रसंग लहान होण्याऐवजी मोठा झाला असता.

सामन्यानंतर हात मिळवा, हा सर्वांत लोकप्रिय पर्याय. त्यात तथ्य आहे. नव्वद मिनिटं एकमेकांशी झुंजल्यावर मिळालेला हात कमावलेला असतो. 1970 च्या विश्वचषकात ग्वादलाहारा इथे ब्राझीलने इंग्लंडला 1-0 हरवल्यावर पेले आणि बॉबी मूर यांनी जर्सी बदलल्या, तो क्षण कुठल्याही परिपत्रकातून आलेला नव्हता. पण आपल्या प्रकरणातल्या शेवटच्या शिट्टीकडे परत बघा. एव्हरा सुआरेझच्या तोंडासमोर नाचत होता, डाऊड मध्ये पडत होते. त्या क्षणी बावीस जणांना सक्तीने रांगेत उभं केलं असतं तर? ऑगस्ट 2022 मध्ये चेल्सी आणि टॉटनहॅमचा सामना 2-2 सुटल्यावर मॅनेजर टुखेल आणि कोंटे यांच्या साध्या हस्तांदोलनातून झटापट झाली आणि दोघांनाही लाल कार्ड मिळालं. सामन्याआधी डोकी निदान थंड असतात. नंतरचा हात ज्याला द्यायचा त्याने द्यावा, तो रांगेत आणू नये.

जिथे जमलं

23 सप्टेंबर 2012. पुन्हा लिव्हरपूल आणि युनायटेड, अॅनफिल्डवर. आदल्या पंधरवड्यात हिल्सबरो मैदानावरच्या चेंगराचेंगरीच्या दुर्घटनेवरच्या स्वतंत्र समितीचा अहवाल आला होता. 1989 च्या त्या दुर्घटनेमुळे तोवर गेलेल्या लिव्हरपूलच्या 96 चाहत्यांच्या नातेवाइकांना अखेर सत्य कागदावर मिळालं होतं. सामन्याआधी युनायटेडचे जुने खेळाडू बॉबी चार्ल्टन यांनी लिव्हरपूलचे जुने खेळाडू इयान रश यांच्या हाती पुष्पगुच्छ दिला, दोन्ही कर्णधारांनी 96 फुगे सोडले. मग रांग लागली. सुआरेझ आणि एव्हरा यांनी हात मिळवले आणि पुढे गेले.

काय बदललं होतं? दोघांची मैत्री नक्कीच झाली नव्हती. सात महिने गेले होते, आणि त्या दिवशी मैदानावर त्या दोघांपेक्षा मोठी गोष्ट होती. त्यांच्या हाताकडून कुणी क्षमेची अपेक्षा करत नव्हतं, म्हणून तो हात मिळाला. 2015 मध्ये बर्लिनला चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात ते पुन्हा समोर आले, एक बार्सिलोनाचा, दुसरा युव्हेंटसचा. एव्हराने आधीच सांगितलं होतं, हात मिळवायला माझी हरकत नाही. तेही पार पडलं. खरी माफी मात्र कुठल्याच रांगेत मागितली गेली नाही. टी-शर्ट घालणाऱ्यांपैकी एक, जेमी कॅरॅगर, याने 2019 मध्ये टीव्हीवर एव्हराच्या शेजारी बसून ती मागितली. क्लबकडूनही त्यानंतर पत्र आल्याचं एव्हराने सांगितलं. आठ वर्षं लागली. हात आणि माफी हे दोन निराळे व्यवहार आहेत याचा याहून स्पष्ट पुरावा मला सापडत नाही.

विधी वाचवायचा तर आधीपासून खपावं लागतं, याचं उदाहरण याहून जुनं आहे. 1998 च्या विश्वचषकात 21 जूनला लियोंमध्ये इराण आणि अमेरिका यांचा सामना होता. फिफाच्या क्रमानुसार इराणी खेळाडूंनी चालत अमेरिकनांकडे जाऊन हात मिळवायचे होते, आणि तेहरानहून आदेश होता की चालत जायचं नाही. फिफाच्या माध्यम अधिकाऱ्याने बोलणी करून क्रम उलटा केला: अमेरिकन खेळाडू चालत इराणींकडे गेले. इराणी खेळाडूंनी त्यांना पांढरी फुलं दिली, दोन्ही संघांनी एकत्र छायाचित्र काढलं. इराण 2-1 जिंकला. दोन देशांचं वैर त्याने मिटलं नाही, पण जानेवारी 2000 मध्ये हेच संघ कॅलिफोर्नियात मैत्रीपूर्ण सामना खेळले. लियोंच्या वेळी कुणीतरी विचारलं होतं की या दोघांना हे कसं जमेल. ओल्ड ट्रॅफर्डबद्दल फक्त एवढंच विचारलं गेलं, की हा हात मिळवणार का.

माझा निर्णय

प्रथा ठेवावी. सामन्याआधीच ठेवावी, सर्व बावीस जणांची ठेवावी. 46 हजारांत दोन-चार बिघडतात म्हणून बाकीची मोडीत काढायचं कारण नाही. तिच्याकडून चारित्र्य घडवण्याची आशा मात्र सोडावी. ऑक्टोबर 2011 ने तो भ्रम दूर केला आहे.

पण एक कलम हवं. ज्या दोन संघांतल्या खेळाडूंमध्ये छळाची, वर्णद्वेषाची किंवा तशाच गंभीर स्वरूपाची तक्रार चालू आहे, किंवा निकाल लागून हंगाम उलटलेला नाही, त्यांच्या पुढच्या सामन्यात दोन्ही संघांची रांगच लावू नये. एकट्यादुकट्याला सूट देणं उपयोगाचं नाही. तसं केलं की कॅमेरा त्याच्याकडेच वळतो. तक्रार करणाऱ्याने स्वतःहून सांगितलं की मला चालेल, तरच रांग लावावी. यावरचा आक्षेप मला ठाऊक आहे: असं केलं तर दोषी ठरलेल्याला आयती पळवाट मिळते. मिळू दे. त्याची शिक्षा आयोगाने द्यायची असते, टीव्हीवरच्या काही सेकंदांनी नव्हे.

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे. खोटी किंवा क्षुल्लक तक्रार करून कुणी रांग बंद पाडली तर? म्हणून संघटनेने रीतसर आरोप ठेवल्यावरच हे कलम लागू व्हावं. नुसत्या बोभाट्यावर नाही. सुआरेझच्या बाबतीत तो टप्पा नोव्हेंबर 2011 मध्येच आला होता. आणि निर्णय लीगने घ्यावा, सामन्याच्या दोन दिवस आधी, दोन्ही ड्रेसिंग रूमना लेखी कळवून. तो क्लबांवर सोडू नये, कारण त्या फेब्रुवारीत सगळी भिस्त क्लबला दिलेल्या एका तोंडी शब्दावर होती.